छळ सोसून आलेलं कुटुंब शेजारी राहायला आलं तर आपण काय करायचं

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका पोराचा रात्री साडेदहाला फोन आला. त्याच्या नागपूरच्या जरीपटक्यातल्या घरी वरच्या दोन खोल्यांत सिंधमधून आलेलं कुटुंब भाड्यानं राहायला आलंय, नवरा-बायको, म्हातारी आई आणि दोन पोरं, आणि हा सांगून राहिला की ताई, मी काल लाईट बिलाचं सांगायला वर गेलो, दार वाजवलं, तर आतला टीव्ही बंद झाला, लाईट बंद झाला, आणि पाच मिनिटांनी दार उघडलं तेव्हा तो माणूस घामानं ओला होता आणि बायको दोन्ही पोरांना घेऊन मोरीत बसून होती. मी काही चुकलो का?

चुकला काही नाही तो. पण ज्याला एकदा रात्री दार ठोकून उचलून नेलंय त्याच्यासाठी दार वाजणं म्हणजे भाड्याचं, बिलाचं काम नसतं. त्याचं अंग आधी घाबरते, डोकं मागून समजावते. त्या पोराला मी फोनवर जे सांगितलं आणि नंतर आठवून आठवून जे सुचलं, ते सगळं इथं लिहून ठेवते, कारण हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा कोणी ना कोणी विचारतेच.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. गेली आठ-नऊ वर्षं अशा कुटुंबांसोबत मेडिकलला, मेयोला (ही नागपूरची दोन सरकारी रुग्णालयं), शाळेत, पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणीच्या खिडकीवर जाणं-येणं करते. जे शिकले ते डॉक्टरांकडून थोडं, आणि या लोकांकडून जास्त.

आधी एक सांगते, नागपूरला हे नवीन नाही. अख्खा जरीपटका फाळणीनंतर उठून आलेल्या सिंधी लोकांनी वसवलाय, आणि आजही पाकिस्तानातून येणारी हिंदू सिंधी कुटुंबं नात्यागोत्याच्या भरवशावर इथंच येतात. तिकडे गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे, थंडीत आपण ज्यांच्याकडून स्वेटर घेतो त्यातले कितीतरी आपल्याच विदर्भातले असतात. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व बंगालमधून आलेल्यांची गावंच्या गावं आहेत. सगळ्यांचा छळ झालाय असं नाही, उगाच प्रत्येकाकडे त्या नजरेनं बघू नका. पण ज्यांचा झालाय ते कपाळावर लिहून फिरत नाहीत, म्हणून खाली लिहिलेल्या गोष्टी सगळ्यांसोबतच पाळल्या तर कोणाचं काही बिघडत नाही.

छळ आणि अपघात यात फरक काय ते आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यावरूनच येते. अपघात होतो, छळ कोणीतरी ठरवून करते. कधी जेवायचं, कधी झोपायचं, लघवीला जायचं की नाही, दिवा चालू की बंद, हे सगळं दुसरा माणूस ठरवतो आणि मुद्दाम ठरवतो, म्हणजे तुमच्या हातात काहीच नाही हे तुमच्या हाडात बसावं म्हणून. त्यामुळं मदत करताना आपण कितीही प्रेमानं त्यांच्या वतीनं सगळं ठरवायला लागलो, चला बसा, हे खा, उद्या नऊला तयार राहा, तर त्यांच्या अंगाला ते ओळखीचंच वाटते. मदतीचं पहिलं काम म्हणजे ठरवायचं त्यांच्याकडे परत देणं, अगदी बारक्या गोष्टीत. चहा की पाणी? खुर्ची इथं ठेवू की तिकडे? दार उघडं ठेवू की लावू? आज जायचं की परवा? सुरुवातीला ते म्हणतील, तुम्ही म्हणाल तसं. तेव्हा घाई करून आपणच ठरवू नका. दोन पर्याय द्या आणि थांबा. मला एक काकू आठवतात, त्यांना पहिल्यांदा स्वतःहून "पंखा बंद करा" म्हणायला चार महिने लागले. मी त्या दिवशी घरी आल्यावर रडली होती.

दार आणि खोली

त्या पोराला मी सांगितलं की दार ठोकायचंच नाही. आधी फोन कर, नाही उचलला तर खालून नाव घेऊन आवाज दे, "अदा, मी आहे, बिलाचं सांगायचं होतं, सवडीनं या", आणि जिना चढायचा असला तर चपला वाजवत चढ, चोरपावलांनी नको. सिंधीत मोठ्या भावाला अदा म्हणतात, बहिणीला अदी, एवढे दोन शब्द शिकून घेतले तरी खूप होते. दाराला आतून चांगली कडी बसवून दे आणि दुसरी चावी तुझ्याकडे आहे का नाही ते खरं सांग. असेल तर त्यांना विचारल्याशिवाय ती वापरणार नाही हे तोंडानं बोल.

घरी बसायची वेळ आली तर त्यांच्या आणि दाराच्या मध्ये बसू नका. त्यांना दार दिसलं पाहिजे आणि वाट मोकळी पाहिजे. मागून खांद्यावर हात ठेवायची आपल्याकडे लोकांना लई सवय असते, काय भाऊ म्हणून, ते नको. पाठीवर हात फिरवायचा असेल तरी आधी विचारा, बाईला तर नक्कीच.

रात्र सगळ्यात अवघड. झोपच लागत नाही, लागली तर स्वप्नात तेच, ओरडून उठतात, आणि बाजूच्या घरचे दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करतात की रात्री काय तमाशा होता. शेजाऱ्यांनी एवढं करा की तोंड वाकडं करू नका. घरात एक बारका दिवा रात्रभर जळू द्या, पलंग असा ठेवा की डोळे उघडले की दार दिसेल. उन्हाळ्यात आपल्याकडे काळोखी करून कूलर लावून पडायची पद्धत, खिडक्यांना खसच्या ताट्या, सगळं बंद. आपल्याला ते गार आणि छान वाटते पण ज्याला अंधाऱ्या खोलीत कोंडलं होतं त्याला कूलरच्या घरघरीत बाहेरचा पायरव ऐकू येत नाही म्हणून झोप येत नाही. एका घरी आम्ही कूलर दुसऱ्या खिडकीला हलवला आणि त्या माणसाचा पलंग दाराजवळच्या भिंतीला लावला, बाकी काहीच केलं नाही, तर तो सलग चार तास झोपला. छतावर झोपणं काहींना चालते, काहींना उघड्यावर भीती वाटते, पुन्हा तेच, विचारा.

गोष्ट विचारू नका

हे मी सगळ्यात कळकळीनं सांगते. "तिकडे तुमच्यासोबत काय काय झालं?" हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नाही. काळजीपोटी विचारला तरी नाही. मी इथं कोणाचीच गोष्ट सांगणार नाही, कोणासोबत काय झालं हे त्या माणसाचं आहे.

लोकांना वाटते मन मोकळं केलं की बरं वाटते. कधी वाटतेही, पण माणूस स्वतःहून, स्वतःच्या वेळेला, भरवशाच्या माणसाजवळ बोलला तर. जबरदस्तीनं एका बैठकीत सगळं ओकायला लावलं तर तो त्या रात्री परत तिथंच जाऊन पोचतो आणि सोबत आपण नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली, तिच्यातही हेच आहे की बोलायचा दबाव टाकायचा नाही. आधी नीट बघा, ऐका, आणि ज्या मदतीची गरज आहे तिथपर्यंत माणसाला जोडून द्या. पूर्वी चौकशीच्या नावाखाली याच लोकांना बोलायला लावून मारलेलं असते, हे विसरू नका. प्रश्नांची सरबत्ती म्हणजे त्यांच्यासाठी तीच खोली.

आणि यातच येते कार्यक्रमांची गोष्ट. कोणी पुढारी, कोणी संस्था, कोणी यूट्यूबवाला येतो, चार कुटुंबं स्टेजवर बसवतो आणि म्हणतो सांगा सांगा तिकडे काय अत्याचार झाले. समोर टाळ्या पडतात, व्हिडिओ फिरतो, आणि मागं राहिलेल्या त्यांच्या भावाला, मामाला तिकडे त्या व्हिडिओचा त्रास होऊ शकतो. घरी परत आलेली ती बाई तीन दिवस जेवत नाही. कुठल्याही बाजूचं राजकारण असो, माणसाच्या जखमेवर ते करू नका. फोटो नको, नाव नको, व्हॉट्सअॅप ग्रुपवर "यांना मदत करा" म्हणून घराचा पत्ता तर अजिबात नको.

मग बोलायचं काय? रोजचं. भाजी काय भावानं आणली, पोराचा ताप उतरला का, कढी तुमच्यात कशी करतात. जरीपटक्यात एका घरी बायका पापड लाटायला बसतात, मी पण जाते, मला गोल जमत नाही तरी जाते. तिथं एक अदी आहे, सहा महिने एक शब्द बोलली नाही. एक दिवस लाटता लाटता, मान खाली, हात चालूच, हळू आवाजात तिनं आपल्या आईचं एक वाक्य सांगितलं. कोणीच लाटणं थांबवलं नाही, कोणी तिच्याकडे बघितलं नाही, शेजारचीनं फक्त पिठाचा गोळा तिच्याकडे सरकवला. नंतर माझ्या लक्षात आलं की डोळ्यात डोळे घालून समोरासमोर बसून ती कधीच बोलली नसती. हात कामात असले, नजर दुसरीकडे असली की बोलणं सोपं जाते. आणि कोणी बोललं तर आपण फार काही म्हणायचं नसते. "तुम्ही सांगितलं, मी ऐकलं, तुमची काही चूक नव्हती" एवढं बास आहे. "विसरून जा आता", "देवाची मर्जी", "दुसऱ्यांचं याच्यापेक्षा वाईट झालं", हे तीन कधीच नको.

दवाखाना

छळ अंगावर राहतो आणि बऱ्याच वर्षांनीही बाहेर येतो. तळपायावर मारलेलं असलं तर चालताना पाय जळतात, टोचतात, लोक समजतात शुगर आहे. हात बांधून टांगलेलं असलं तर खांदे वर जात नाहीत, बोटांना मुंग्या येतात. कानशिलात मारून मारून कानाचा पडदा फाटलेला असतो आणि आपण म्हणतो लक्षच देत नाही. डोकं दुखणं, छाती धडधडणं, पोटात आग, हे तर बहुतेक सगळ्यांना. मन दुखते असं कोणी सांगत नाही, डोकं दुखते असंच सांगतात. म्हणून साध्या ओपीडीला पण नीट घेऊन जा, फिजिओथेरपीनं खांद्याला, पायाला खरंच आराम पडतो आणि तिथून मनाच्या इलाजाची वाट सोपी होते.

आता माझी चूक सांगते. एका अदाची छाती दुखत होती म्हणून एका दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी ईसीजी सांगितला. छोटी खोली, पडदा ओढला, सांगितलं शर्ट काढा आणि झोपा, आणि टेक्निशियननं मनगटाला क्लिपा लावायला घेतल्या, वायरीवाल्या. मी बाहेरून म्हटलं, अरे काही नाही होत, दोन मिनिटाचं काम आहे, झोपा पटकन. आतून काहीच आवाज नाही. डोकावून बघितलं तर डोळे उघडे पण बघत कुठंच नव्हते, ओठ पांढरे, आणि मुठी अशा आवळलेल्या की नखं तळव्यात रुतली होती. टेक्निशियन वैतागला होता, बाहेर रांग होती. करंट दिलेल्या माणसाला वायरी काय वाटतील हे मला आधी सुचायला पाहिजे होतं आणि वरून मीच त्याला पटकन पटकन केलं.

आठवड्यानं परत गेलो, दुसऱ्या वेळी, दुपारी गर्दी कमी असताना. या वेळी टेक्निशियनताईंना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की यांना वायरींची भीती आहे, कारण विचारू नका. त्यांनी मशीन बंद ठेवून क्लिप हातात दिली, म्हणाल्या ही करंट देत नाही, तुमच्या हृदयाचा आवाज फक्त घेते, आधी माझ्या हाताला लावून बघा. त्यानं त्यांच्या मनगटाला लावली, काढली, मग स्वतःच्या हातानं स्वतःला लावली. पडदा अर्धा उघडा, मी समोर दिसेल अशी उभी, आणि "थांबा" म्हणून हात वर केला की सगळं थांबायचं हे ठरलेलं. झाला ईसीजी. म्हणून कुठल्याही तपासणीआधी तीन गोष्टी करा: काय करणार ते आधी दाखवा, थांबवायची खूण ठरवा, आणि कपडे लागतील तेवढेच काढायचे. दातांच्या डॉक्टरची खुर्ची, एमआरआयचं बोगदं, बायकांची आतली तपासणी, इंजेक्शन, सलाईनसाठी हात धरून ठेवणं, इथं जास्त सांभाळा. बाईला बाई डॉक्टर पाहिजे का ते तिला विचारा, नवऱ्याला नाही.

मनाच्या डॉक्टरकडे नेताना पहिल्यांदा प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक मागं सरतात, आपल्याकडे त्या चौकालाच पागलखाना चौक म्हणतात आणि ते नाव यांच्याही कानावर आलेलं असते, वर बंद गेटची भीती. तिथं बाहेरून दाखवून औषध घेऊन परत येता येते हे समजावून सांगा, नाहीतर सरळ मेडिकल किंवा मेयोच्या मनोविकार विभागाच्या ओपीडीत जा, मिहानकडचं एम्सही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधला उपचाराचा हक्क "प्रत्येक व्यक्ती"ला आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवायचाही हक्क त्यातच आहे. चांगला डॉक्टर पहिल्याच भेटीत सगळं विचारत नाही. आधी झोप, जेवण, घर, सुरक्षितता, मग केव्हातरी त्या आठवणींवर काम, तेही थोडं थोडं. औषध आणि आघातासाठीची खास बोलण्याची थेरपी दोन्हीचा उपयोग होतो, पण महिने लागतात. मेडिकल स्टोअरमधून झोपेच्या गोळ्या परस्पर आणून देऊ नका, सवय लागते आणि मूळ त्रास तसाच राहतो. दारूचंही बघा, बरेच पुरुष झोपेसाठीच सुरू करतात.

चिठ्ठीचं पण एक आहे. सिंधमधून आलेल्यांना हिंदी बोललेलं समजते, पण त्यांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, देवनागरी वाचता येत नाही आणि इंग्रजी तर डॉक्टरांचं आपल्यालाही वाचता येत नाही. मी गोळ्यांच्या पाकिटावर स्केच पेननं सूर्य आणि चंद्र काढून देते, जेवणाआधीच्या गोळीवर रिकामं ताट.

दुभाषी लागला तर घरच्या पोराला बसवू नका, हे फार होते आपल्याकडे. बारा वर्षांची पोरगी शाळेत हिंदी शिकली म्हणून बापाचं दुखणं डॉक्टरला सांगते, आणि बाप तिच्यासमोर खरं सांगतच नाही, किंवा सांगतो आणि मग ती रात्रभर जागी. नातेवाईक नको, त्याच मोहल्ल्यातला नको, आणि ज्या गटानं त्रास दिला त्या गटाचा तर नकोच. फोनवरचा अनोळखी दुभाषीही कधी कधी बरा पडतो कारण तो उद्या किराण्याच्या दुकानात भेटणार नसतो. तिबेटी माणसासाठी धरमशालेच्या तिबेटी आरोग्य विभागाकडे छळ सोसलेल्यांसाठीचा कार्यक्रम आहे, वसाहतीच्या कार्यालयामार्फत विचारता येते.

माणूस समोर बसूनच परत तिकडे पोचला तर

फटाका, ओरडणं, खाकी कपडा, बुटांचा आवाज, कधी नुसता डिझेलचा वास, काहीही पुरते. नजर थिजते, श्वास चढतो, किंवा पळायला बघतो. पकडू नका, हलवू नका, गर्दी करू नका. थोडं लांब, बाजूला बसा, हळू आवाजात नाव घ्या आणि साधं सांगा, तुम्ही नागपुरात आहात, आज मंगळवार आहे, हे माझं घर, बाहेर भाजीवाला ओरडून राहिला, तुम्ही सुरक्षित आहात. पाय फरशीवर घट्ट दाबायला सांगा. माठातलं गार पाणी हातात द्या, पाजू नका, हातात द्या. आमच्याकडे मी संत्र्याचं साल ठेवते, नखानं चिरलं की जो वास येतो तो माणसाला इथं आणून सोडतो, आणि तो वास बहुतेकांच्या जुन्या आठवणीत नसतो. दिसणाऱ्या पाच वस्तू सांगा म्हटलं की काहींना जमते. डोळे मिटा आणि खोल श्वास घ्या असं मात्र सगळ्यांना सांगू नका, ज्याचं तोंड पाण्यात बुडवलं होतं त्याला श्वासावर लक्ष दिलं की जास्त घाबरायला होते, त्याच्यासाठी हात-पायच बरे. नंतर त्याला लाज वाटते. तेव्हा चहा ठेवा, आणि काय आठवलं ते विचारू नका.

जे आवाज येणारच आहेत ते आधी सांगून ठेवा, यानं खूप फरक पडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, पिवळी मारबत, काळी मारबत, "घेऊन जा गे मारबत" म्हणत हजारो लोक ओरडत येतात आणि शेवटी पुतळे जाळतात. नवीन माणसाला ती मिरवणूक इतवारीच्या गल्लीत अचानक भेटली तर काय होईल विचार करा, म्हणून आठ दिवस आधी सांगायचं की हे काय असते, किती वाजता असते, त्या दिवशी त्या बाजूला जायचं की नाही तुम्ही ठरवा. दिवाळीचं तसंच, लग्नाच्या डीजेचं तसंच, सोनेगावकडून खालून जाणाऱ्या विमानाचं पण.

मरणाचं बोलणं निघालं, किंवा तसं वाटलं, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटते का?" विचारल्यानं डोक्यात येत नाही, उलट एकटेपणा कमी होतो. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, गोळ्या, फवारणीचं औषध, दोर लांब ठेवा, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, रात्रंदिवस चालते, नाहीतर ११२ किंवा सरळ कॅज्युअल्टी. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका, वर सांगितलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच कलम ११५ आहे, तसा प्रयत्न केलेल्या माणसाला प्रचंड ताणात होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही.

कागदपत्रं

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, त्यामुळं कोण कुठून आलं यावर सगळं ठरते. पाकिस्तानातून आलेले हिंदू लाँग टर्म व्हिसावर असतात, काहींना २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीखाली अर्ज करता येतो, त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेलेच त्यात बसतात. इतर देशांच्या बऱ्याच लोकांना यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेकडे जावं लागते, त्यांचं ऑफिस दिल्ली आणि चेन्नईला, नागपूरला नाही. पण एक गोष्ट कुठूनही आलेल्याला लागू आहे. संविधानाच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क "व्यक्ती"ला आहे, फक्त नागरिकाला नाही, आणि १९९६ मध्ये पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट सांगितलंय. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१००. बायकांना, मुलांना तिथं फुकट वकील मिळतो. अंगावरच्या खुणांची नोंद अर्जासाठी लागत असेल तर डॉक्टरांना इस्तंबूल प्रोटोकॉलप्रमाणे लिहा म्हणून विनंती करा, छळाच्या नोंदीची ती आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, १९९९ पासूनची.

नोंदणीला सोबत जाल तेव्हा आदल्या दिवशी सगळं सांगून ठेवा, कुठल्या गेटनं आत जायचं, कुठं बसायचं, खाकीतला माणूस काय विचारेल, किती वेळ लागेल. मूळ कागद त्यांच्याच पिशवीत, त्यांच्याच हातात. आपण सांभाळतो म्हणून घेऊ नका, कागद दुसऱ्याच्या हातात जाणं म्हणजे काय हे त्यांनी पाहिलंय.

बातम्यांचंही बघा. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा एका घरात रात्रीतून बॅगा भरून ठेवल्या होत्या, म्हातारीनं औषधं पण बांधली होती. खरं तर हिंदूंच्या लाँग टर्म व्हिसाला ते लागू नाही असं परराष्ट्र मंत्रालयानं लगेच सांगितलं होतं. अशा वेळी फॉरवर्ड पाठवू नका, सरकारी पत्रक शोधा, जा, बसा आणि वाचून दाखवा.

पोरांसाठी शाळा लवकर करा. सहा ते चौदाच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. आणि शिक्षकांना एक विनंती, "माझे गाव", "माझे बाबा" असे निबंध वर्गात उभं करून वाचायला लावू नका, दुसरा विषय निवडायची मोकळीक सगळ्याच मुलांना द्या, म्हणजे त्या एकट्याला वेगळं वाटत नाही. वर्गात पोरगं झोपते म्हणून रागावू नका, घरी रात्री काय असते तुम्हाला माहीत नाही.

ज्यांचा माणूस तिकडे हरवलाय, मेला की जिवंत कळलं नाही, त्यांचं दुःख वेगळंच. ना दहावा, ना तेरावा. "आता मानून घ्या" म्हणू नका. सिंधी लोकांचा देव झुलेलाल, त्याच्या देवळात दिवा लावायचाय, नाव घ्यायचंय, की अजून ताट वाढून ठेवायचंय, जे करतात ते करू द्या आणि बोलावलं तर जा.

आणि तुम्ही

एकट्यानं करू नका, दोघं-तिघं मिळून करा. माझी सुरुवातीची दोन वर्षं अशी गेली की रात्री फोन वाजला की मलाच घाम यायचा, मी घरी चिडचिड करायची, जेवण जात नव्हतं. ऐकलेलं आपल्याही अंगात उतरते. कोणाचं नाव न घेता एका भरवशाच्या माणसाजवळ बोला, गरज पडली तर १४४१६ आपल्यासाठी पण आहे. जेवढं निभेल तेवढंच कबूल करा. पैशाचं, नोकरीचं, नागरिकत्वाचं "होऊन जाईल" असं सांगू नका. दर आठवड्याला येईन म्हणाल आणि तीन आठवडे दिसला नाहीत तर त्यापेक्षा महिन्यातून एकदा सांगितलेल्या वारी, सांगितलेल्या वेळेला गेलेलं फार बरं. यायला उशीर होत असेल तर फोन करा, दहा मिनिटं असली तरी करा.

मी शनिवारी चारला जाते. मंगळवारी माझी सुट्टी, फोन दुसरी ताई घेते, हे त्या सगळ्या घरांत माहीत आहे. त्या पोराच्या घरी वरच्या मजल्यावर अजून रात्री लाईट जळते. पण आता तो खालून "अदा" म्हणून आवाज देतो आणि वरून उत्तर येते.